बिनचिंधीचा पंप

तिजेच्या शेवटच्या दिवशी सकाळी पुष्पा चुरम्यासाठी गव्हाचं पीठ मळत होती आणि तिची नणंद राखी आतल्या खोलीत साड्यांच्या घड्या घालत होती. दोघींच्या मधलं दार उघडं होतं, तरी आठवडाभर त्या दारातून एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता. राखीला जे काय बोलायचं असेल ते ती पुष्पाच्या मुलीला, शिवानीला बोले. "शिवानी, तुह्या आईले सांग, दूध उतू जाऊन राह्यलं." दूध पुष्पाच्या नाकासमोर उतू जात असायचं. पुष्पाही काही कमी नव्हती. ती शिवानीलाच सांगायची, "आत्याले सांग, मले डोळे हायेत."

आज संध्याकाळी राखी जाणार होती. धाकटा भाऊ सुनील नागपूरहून तिजेसाठी गाडी घेऊन येणार आणि परत जाताना बहिणीला कायमची सोबत नेणार, असं बहीणभावांचं फोनवर ठरलं होतं. पुष्पाला कुणी विचारलं नव्हतं. तिला कळलं तेसुद्धा शिवानीकडून.

खरं सांगायचं तर हीच बातमी चैत्रात आली असती, तर पुष्पानं आनंदानं नारळ फोडला असता. वणीच्या खाण कॉलनीतलं वीस वर्षांचं घर मागे टाकून राखी दोन बॅगा घेऊन माहेरी, या बंजारा तांड्यावर उतरली, तेव्हा पुष्पाचं हसू तोंडापुरतंच होतं. राखीच्या नवऱ्यानं, अमरसिंगनं, दुसरा संसार मांडला होता. त्यात राखीचा काही दोष नव्हता, हे पुष्पालाही समजत होतं. पण स्वयंपाकघर एक, चूल एक, आणि नणंद सगळ्या भावंडांत मोठी. पुष्पाचा नवरा भरत तिच्यापुढे मान वर करून बोलत नसे. या थोरल्या बहिणीला भावंडं बाई म्हणत, आणि बाई म्हणेल ती पूर्वदिशा. पुष्पानं लग्न झाल्यापासून घरामागच्या पडीक जागेत धुण्याभांड्याचा ओटा मागितला होता, आणि लग्न झाल्यापासून 'पाहू' हेच उत्तर ऐकलं होतं. राखीनं ती जागा मागितली आणि तिला ती त्याच दुपारी मिळाली.

"मले भाजी लावाची हाय," राखी म्हणाली होती.

"बाई, तुले काय समजते भाजीतलं? वणीले तं तू हातगाडीवरून घेत होती," भरत म्हणाला होता.

"तुमाले बी काय समजते? एवढी काळी जमीन, अन् सांभाराची जुडी दिग्रसच्या बाजारातून आनता."

साधी कोथिंबीरसुद्धा विकत येत होती, हे खरंच होतं. तांड्यातली सगळी घरं कपाशी, तूर आणि सोयाबीन जाणणारी. सासू लालीबाई, जिला सगळे याडी म्हणजे आई म्हणत, सांगायची की पूर्वी कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासांमधे बरबटी म्हणजे चवळी असायची, अंबाडी असायची, वाळकं लोळत असायची आणि कापूस वेचता वेचता बाया ओटीत भाजी भरून घरी यायच्या. पुढे तणनाशक आलं आणि तासांमधलं जे जे हिरवं, ते सगळं तण ठरलं. तांड्याला भाजी विकत घ्यायची सवय लागली.

राखीनं पहिल्या मोसमात चुकायचं काही म्हणून ठेवलं नाही. भेंडीचं बी इतकं खोल पुरलं की अर्धं वर आलंच नाही, आणि जे आलं ते एकमेकांच्या उरावर. आभाळ गळत असतानाही ती रोज बादलीनं पाणी घालायची. काळ्या मातीत ते पाणी मुरायचं नाही, आणि टमाट्याची सगळी रोपं बुडाशी कुजून बसली. वांग्याची रोपं शेजारच्या सोनीबाईच्या बकरीनं खाल्ली. ढेमसं म्हणून आणलेल्या बियांना दोडके लागले, तेव्हा भरत परसात उभा राहून गंभीरपणे म्हणाला, "बाई, तुही ढेमसं लांब होऊन राह्यली." राखीनं मातीचं ढेकूळ उचलून त्याच्या पाठीत घातलं होतं.

पुष्पा हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. सुरुवातीला बरं वाटायचं. मग हात शिवशिवायला लागले. दोडक्याचे वेल जमिनीवर आंधळ्यासारखे चाचपडत होते, ते बघवेना. एका सकाळी ती काही न बोलता गेल्या वर्षीच्या तुराट्यांचा भारा घेऊन बाहेर गेली आणि मांडव बांधायला बसली. राखी समोरून सुतळी धरायला आली. त्या दिवशी दोघींमधे वेलाशिवाय कशाचंही बोलणं झालं नाही, आणि तेवढं पुरेसं होतं.

बरबटीचा पहिला तोडा जेमतेम वाडगाभर निघाला. याडीनं तो स्वतः चुलीवर शिजवला. राखीनं आधी सगळ्यांना वाढलं आणि पहिला घास घेताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसली. "मीठ कमी हाय," भरत म्हणाला, आणि राखी हसली. वणीहून आल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती. बाजारच्या शेंगांपेक्षा त्या शेंगा जरा जूनच होत्या, पण त्या हसण्यापुढे पुष्पा हरली. ओट्याचं नंतर पाहू, असं तिनं त्या रात्री स्वतःलाच सांगितलं.

आणि मग पंपाचं ते प्रकरण झालं.

भरतकडे पाठीवरचे दोन फवारणी पंप होते, दोन्ही निळे, दोन्ही एकाच दुकानातले. एक कपाशीवरच्या किडीच्या औषधाचा. दुसरा फक्त धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गाजरगवतावर तणनाशक मारायचा. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी भरवसा नसतो, आणि कपाशी त्या औषधाच्या वासानंसुद्धा आखडते. म्हणून पुष्पानं आपल्या फाटक्या लाल ब्लाउजची पट्टी फाडून त्या पंपाच्या दांड्याला बांधली होती. चिंधीवाला पंप म्हणजे तणनाशक, हे घरातल्या शेतात जाणाऱ्या प्रत्येकाला पाठ होतं. बरबटीवर मावा पडला तेव्हा राखीनं निंबोळ्या कुटून अर्क काढला आणि पंप मागितला. "कोठ्यात हाय. चिंधीवाल्याले हात नको लावू, बिनचिंधीचा घेजो," पुष्पानं भाकरी थापता थापता सांगितलं.

गुरांच्या कोठ्यातल्या खुंटीवर त्या दिवशी एकच पंप होता. दुसरा भरत शेतात घेऊन गेला होता. खुंटीवरच्या पंपाला चिंधी नव्हती. राखीनं तो घेतला, पाण्यानं खळखळून घेतला आणि मोठ्या मायेनं पानापानावर, पानाच्या पालथ्या बाजूनंसुद्धा फवारलं. दोन दिवसांत भेंडीचे शेंडे मान मोडल्यासारखे खाली वाकले. बरबटीची पानं आक्रसून दोरीसारखी झाली. दोडक्याचे वेल मांडवावरच पिळवटले. राखी वाफ्यात उकिडवी बसून राहिली, आणि भरतनं एक पान तोडून नाकाशी नेलं तेव्हाच सगळ्यांना काय ते कळलं.

त्यानंतर राखी पुष्पाशी बोलली नाही. चिंधी कुणी सोडली, हे तिनं कुणालाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

सुनील दुपारच्या आधी आला. बायकोला शाळेत सुट्टी नव्हती म्हणून एकटाच आला होता. गाडी सावलीत लावली, याडीच्या पाया पडला आणि थेट घरामागे जाऊन मेलेली भाजी बघून आला. याडी दारापुढच्या ओट्यावर बसून सुईत दोरा ओवत होती. तिचे डोळे अधू झाले होते, पण हातातली सुई सुटली नव्हती. तांड्यातल्या पोरी तिजेला ज्यात गहू पेरतात, त्या टोपल्या दरवर्षी तीच सजवून द्यायची.

"बाई, बॅग भरली?" सुनीलनं विचारलं.

"भरली," आतून राखी म्हणाली.

"बरं केलं. इथं काय ठेवलंय आता? लोकांनी साधी भाजीसुद्धा जगू दिली नाही तुझी."

पुष्पा पिठाच्या हातानंच बाहेर आली. भरतनं तिच्याकडे बघून डोळ्यांनी 'नको' केलं, पण ती आता थांबणार नव्हती.

"लोकं म्हंजे कोन, सुनीलभाऊ? नाव घ्या ना."

"वहिनी, मी जनरल बोललो."

"जनरल कायले? घरात तं बाई सोडून चारच मानसं हाओत. त्यातली एक शाळेत जाते अन् एकीले दिसत नाही."

तेव्हा राखी दारात आली. आठवड्यात पहिल्यांदा तिनं पुष्पाच्या तोंडाकडे पाहिलं.

"तूच म्हनलं होतं पुष्पा, बिनचिंधीचा घे. मी बिनचिंधीचाच घेतला. मंग चिंधी गेली कुठं?"

"मले काय मालूम?"

"तुह्या हातानं बांधलेली. दोन पावसाळे झाले, निघाली नव्हती. माह्याच भाजीच्या वक्ताले निघाली?"

"अवं, सुटून पडली असन," भरत मधे बोलला.

"पडली असती तं कोठ्यात सापडली असती. मी सारा कोठा झाडून काढला, भरत. कोनं तरी सोडून नेली."

"तुले काय म्हनाचं हाय, मी मारली तुही भाजी?" पुष्पाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मांडव मी बांधला होता, बाई."

"हाव. अन् त्याच जागेवर तुले ओटा पाहिजे होता. भरतनं सांगतलं मले."

पुष्पानं नवऱ्याकडे पाहिलं. भरत चपलेनं मातीत रेघा ओढायला लागला. त्या घटकेला पुष्पाला वाटलं, आपण या घरात एकट्या आहोत. सुनील बहिणीच्या बाजूनं, भरत कुणाच्याच बाजूनं नाही, आणि ज्या बाईसाठी आपण ओटा सोडला तीच समोर उभी राहून ओट्याचा हिशेब मागते आहे.

"कोन्ती चिंधी?" ओट्यावरून याडीनं विचारलं.

"काही नाही, याडी," भरत जरा मोठ्यानं म्हणाला. "तणनाशकाच्या पंपाले खूण म्हनून चिंधी बांधून ठेवत होतो. ते कोनं तरी काढली. बाईले वाटलं साधा पंप हाय, अन् तेच भाजीवर मारलं. म्हनून जळली भाजी."

"मले तं तुमी सांगतलं, रोग पडला म्हनून."

"तुले कायले तरास द्याचा."

याडीची सुई हातातच राहिली. मग तिनं दोरा तोडला, सुई पदराला टोचली आणि भिंतीला धरून उठली. "माहे गुडघे दुखून राह्यले. मी नाही येत आज नायकाच्या घरी. तुमी जा."

याडीनं आयुष्यात तिजेचा शेवटचा दिवस चुकवला नव्हता. ज्या वर्षी भरतचा बा गेला त्या वर्षीसुद्धा ती तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, अंगणात एका कडेला बसली होती. पुष्पाच्या मनात आलं, आता सासूचाही आपल्यावर संशय बसला. तिनं हात धुतले, पदर नीट केला आणि शिवानीमागे निघाली. रडायचं असेल तर ते नायकाच्या अंगणात रडावं, तिथे आज सगळ्याच रडतात, कुणी विचारणार नाही.

फुलसिंग नायकाच्या अंगणात सगळा तांडा जमला होता. उंच मांडवावर ठेवलेल्या टोपल्यांमधे गहू हातभर वाढून पिवळसर हिरवा झाला होता. पेरल्या दिवसापासून पोरी सकाळ-संध्याकाळ गाणी म्हणत त्यांना पाणी घालत होत्या. टोपलीत गहू असेपर्यंत लग्न न झालेल्या पोरींशिवाय त्या टोपल्यांना कुणी हात लावत नाही, बाया लांबूनच बघतात. आता पोरींनी टोपल्या खाली उतरवल्या आणि गव्हाची रोपं उपटायला सुरुवात केली. आपापल्या भावाच्या, बापाच्या, काकाच्या टोपीत हिरवे तुरे खोचले जाऊ लागले. रिवाजाप्रमाणे पोरी भावांच्या गळ्यात पडून रडू लागल्या, आणि ज्यांना रडू येत नव्हतं त्यांना बाकीच्यांचं बघून येऊ लागलं.

राखी बायांच्या मागे कडुनिंबाखाली उभी होती. सुनीलच्या खिशाला शिवानीनं तुरा लावला तेव्हा तो डोळे पुसत बहिणीकडे आला. "तुझ्या तिजेचं आठवतं मला. तू माझ्या कानावर खोचला होतास."

"तुले टोपी नव्हती," राखी म्हणाली.

शिवानी धावत पुष्पाकडे आली आणि रिकामी टोपली तिच्या हातात दिली. "आई, हे धर. आमी नदीवर चाललो. माती अन् मुळ्या घेतल्या मी ओढनीत."

पुष्पानं टोपली घेतली. गहू गेल्यावर टोपलीचा काठ उघडा पडला होता. याडीनं काठाला गोलाकार टाके घालून सजवलं होतं, चार ठिकाणी कवड्या होत्या, आणि कवड्यांच्या खालून एक लाल पट्टी फिरवलेली होती. पट्टीवर बारीक पिवळे ठिपके होते. एका जागी गाठीचा चुरगळा होता, धुऊनही न गेलेला, आणि त्याच्याजवळ तेलकट डाग होता. पुष्पानं ते ठिपके ओळखले. तो ब्लाउज तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा होता.

"शिवानी," तिनं हाक मारली, "हे पट्टी कुठून आनली?"

"आजीनं लावली. कोठ्यात भेटली म्हने. म्हनत होती, एवढं चांगलं लाल कापड पंपाले बांधून ठेवते हे लोक." आणि पोरगी मैत्रिणींच्या घोळक्यात मिसळून गेली.

पुष्पा टोपली घेऊन तशीच उभी राहिली. याडीनं कधी पंप पाठीवर घेतला नव्हता. तिच्या काळात पंप नव्हते. तिला चिंधीचा अर्थ कुणी सांगितलाच नव्हता, कारण सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. तिनं नातीच्या टोपलीसाठी लाल कापड शोधलं आणि तिला ते मिळालं, एवढंच. ज्या भाजीची पहिली मूठ तिनं स्वतः शिजवली होती, ती तिच्याच हातून गेली होती.

बोललं तर सुटका होती. आत्ता, सगळ्यांसमोर, सुनीलच्या तोंडावर. 'हे पाहा, कोन लोकं ते.' पुष्पाच्या जिभेवर ते वाक्य तयारही झालं. पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत याडीच्या कानावर जाणार होतं, आणि मग ती म्हातारी उरलेलं आयुष्य लेकीची भाजी जाळणारी म्हणून स्वतःकडे बघत बसणार होती. न बोलावं तर राखी संध्याकाळी गाडीत बसणार, आणि पुढच्या प्रत्येक लग्नाकार्यात, बारशात, तेराव्याला पुष्पाचं नाव निघणार. हे पुष्पाला सहन होण्यासारखं नव्हतं. तिचा स्वभाव तेवढा मोठा नव्हता, आणि हे तिला माहीत होतं.

ती कडुनिंबाखाली गेली. "सुनीलभाऊ, तुमाले नायक बोलावून राह्यले," ती म्हणाली. तो गेल्यावर तिनं टोपली राखीच्या हातात दिली. "बाई, हे पाय. काठ पाय."

राखीनं काठ पाहिला. ती पट्टीवरून अंगठा फिरवत गेली, गाठीच्या चुरगळ्यापाशी थांबली, मग पुन्हा फिरवत गेली. नदीकडे निघालेल्या पोरींची गाणी लांब लांब जात होती.

"याडीनं," ती शेवटी म्हणाली.

"तिले मालूम नव्हतं."

"तिले कसं राहीन मालूम." राखी खाली दगडावर बसली. "अन् मी सुनीलले फोनवर सांगतलं, पुष्पानं मले या घरात राहू दिलं नाही."

"सांगनार नव्हती मी तुले. पन तू चालली. अन् माह्या नावानं चालली."

"याडीले सांगू नको, पुष्पा."

"मी काहून सांगू? तुले सांगाचं होतं तेवढं सांगतलं." पुष्पा तिच्या शेजारी बसली. इतकं झालं तर मग उरलेलंही सांगून मोकळं व्हावं असं तिला वाटलं. "एक गोष्ट खरी हाय, बाई. वाकलेली भेंडी पाह्यली तवा मले रडू आलं. माह्या बांधलेल्या मांडवावरचे दोडके होते ते. पन रडू थांबल्यावर थोडं असंबी वाटलं, चला, आता ओटा होईन. थोडंच. पन वाटलं."

राखीनं तिच्याकडे पाहिलं. पुष्पाला वाटलं, आता पुन्हा आठवडाभर शिवानीच्या तोंडून बोलावं लागणार.

"एवढा पाहिजे होता तं मले काहून नाही म्हनली? नळाच्या कोपऱ्यात ओटा होते. जागा हाय. भांड्याचं पानी पाटानं वाफ्यात सोडता आलं असतं. मी बादल्या वाहून मेली सारा आषाढ."

"तू तं आषाढात बी पानी घालत होती. पाऊस पडून राह्यला अन् बाई पानी घालून राह्यली."

"मले कोन सांगनार होतं? तू खिडकीतून पाहून हसत होती."

"दिसत होतं तुले?"

"डोळे हायेत ना मले बी."

पुष्पाला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं, आणि अंगण रडणाऱ्यांनीच भरलेलं असल्यामुळे कुणी विचारलं नाही. राखीनं नखानं टाके उसवून पट्टी सोडवली, घडी केली आणि मुठीत घट्ट धरली.

घरी आल्यावर सुनीलनं गाडीची डिकी उघडली. त्याला अंधार पडायच्या आत आर्णी ओलांडायचं होतं. राखीची एक बॅग सकाळीच आत गेली होती. तिनं ती बाहेर काढून जमिनीवर ठेवली.

"हे काय?" सुनील म्हणाला.

"मी नाही येत. पोळा झाला की मेथी टाकाची हाय."

"बाई, सकाळपर्यंत तर..."

"सकाळी मले कळलं नव्हतं. ते माह्याच हातानं झालं, सुनील. नवा हात माहा. पंप घेतला अन् मारला, कोनाले इचारलं नाही. पुष्पाचा काही संबंध नाही त्यात. मी तुले फोनवर खोटं सांगतलं."

"आणि चिंधी?"

"भरत म्हनते तसं, सुटून पडली असन. नाल्यात गेली असन वाहून."

भरतला आयुष्यात बहुधा पहिल्यांदा कुणी भांडणात बरोबर ठरवलं होतं. त्यानं घाईघाईनं मान डोलावली. मग शेतकऱ्याच्या इमानानं म्हणाला, "पन बाई, त्या मातीत लगेच मेथी येनार नाही. औषध उतराले टाइम लागते. वरची माती काढा लागन, शेनखत टाका लागन."

"मंग काढू. नाही आली तं थांबू. मी कुठं चालली आता?"

सुनीलचा चेहरा उतरला. त्याला बहिणीची माया होती हे खरं, आणि नागपूरच्या घरात दोन लहान पोरं आणि सकाळची धावपळ होती, हेही खरं. पुष्पाला सकाळी त्याचा जेवढा राग आला होता, तेवढीच आता त्याची दया आली. तिनं चुरम्याचा डबा भरून त्याच्या सीटवर ठेवला. "तिसऱ्या दिवशी बी खराब होत नाही," तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण गाडी सुरू केली नाही. दाराशी याडी आली होती.

सगळे नायकाच्या घरी असताना याडीनं पेटी उघडली होती, हे आता दिसलं. तिच्या हातात लाल कापडाचा वीतभर तुकडा होता. त्यावर आरसे होते, दाट टाके होते आणि कडेला कवड्यांची रांग होती. तो तिच्या लग्नातल्या फेटियाचा होता, तिच्या आईनं दोन वर्षं बसून शिवलेल्या घागऱ्याचा. तांड्यात तसा दुसरा उरला नव्हता. शहरातून कपडे शोधत येणाऱ्या लोकांनी तो मागितला होता, सुनेनं शिवानीच्या लग्नासाठी मागितला होता, आणि याडीनं तो कुणालाही हातसुद्धा लावू दिला नव्हता. तुकड्याची कड वेडीवाकडी कापलेली होती. कात्री चालवताना तिला नीट दिसलं नसणार.

"याडी, हे काय केलं?" भरत म्हणाला.

याडीनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती भिंत सोडून दोन पावलं पुढे आली, आणि लेक आणि सून जिथे उभ्या होत्या तिथे दोघींच्या मधे तो तुकडा धरला.

"पंपाले बांधा," ती म्हणाली. "हे कोनी सोडनार नाही. मी बी नाही."

चिंधी धरलेली राखीची मूठ अजून मिटलेलीच होती. तिनं ती पाठीमागे नेली, आणि लगेच तिला कळलं की आता लपवण्यात काही अर्थ उरला नाही. ती याडीच्या खांद्यावर कपाळ टेकून उभी राहिली. याडीनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि दुसरा हात तसाच पुष्पापुढे धरून ठेवला.

पुष्पा कोठ्यात गेली आणि खुंटीवरून तणनाशकाचा पंप काढून घेऊन आली. राखीनं डोळे पुसून दांडा धरला. पुष्पानं कापड दांड्याला गुंडाळलं, आरसे वर येतील असं, आणि गाठ मारली. मग त्या गाठीवर आणखी एक मारली.